गाडीच्या आतली खडखड नेमकी कुठून येते हे कसं शोधायचं?

तुम्ही विचारलंय, की सकाळी गाडी काढली की डॅशबोर्डच्या डाव्या बाजूने टकटक येते आणि दुपारी ती गायब होते. सर्व्हिस सेंटरने दोनदा गाडी ठेवून घेतली आणि ‘आवाज आढळला नाही’ असं लिहून परत दिली. आता डॅशबोर्ड उघडायला सांगावा का?

इतक्यात नको. आवाज तुमच्या हुकमाने सुरू आणि बंद करता येत नाही तोवर गाडीतला एकही स्क्रू काढू नका, काढू देऊ नका. ओळखीच्या लोकांच्या गाड्यांतले असे आवाज शोधण्यात माझे बरेच रविवार जातात, आणि हे काम मला मनापासून आवडतं. दुरुस्ती बहुतेक वेळा बोटभर कापडी टेपची असते, वेळ जातो तो सगळा शोधण्यात. अंदाजाने डॅशबोर्ड उघडला तर उन्हाने कडक झालेल्या क्लिपा तुटतात, एखादी वायर नीट बसवायची राहते आणि एका आवाजाचे तीन आवाज होतात.

सगळ्यात आधी गाडी रिकामी करा. खरोखर रिकामी. ग्लोव्हबॉक्समधली कागदपत्रं, दारांच्या कप्प्यातल्या बाटल्या, चष्म्याचा कप्पा, गिअरजवळची सुटी नाणी, सीटच्या पाठीमागचे खिसे, डिकीतला जॅक, पाना, स्टेपनी बसवायचं सामान, सगळं बाहेर. चावीच्या जुडग्यात इतर चाव्या असतील तर त्याही काढा. मागच्या सीटवर कोणी बसत नसेल तर तिथले सीटबेल्ट लावून ठेवा, कारण मोकळं लटकणारं बकल शेजारच्या प्लॅस्टिकवर अगदी टकटक असंच आपटतं. हेडरेस्ट हाताने हलवून पाहा. दांडे खाचेत ढिले असतील तर ते खडखडतात, आणि कान त्यांच्या इतके जवळ असूनही आवाज पुढून आल्यासारखा वाटतो. एवढ्याने टकटक थांबली तर वस्तू एकेक करून परत ठेवा, दोषी वस्तू आपोआप कळेल. पायरी साधी वाटते म्हणून पुष्कळजण ती टाळतात. मला मात्र एखादी बंद गाडी दाखवली तरी मी आधी तिची डिकीच रिकामी करेन.

आता कानांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण फसवणूक तिथेच होते. आवाज डावीकडून की उजवीकडून हे आपल्याला चांगलं कळतं. दोन्ही कानांपर्यंत तो किंचित वेगळ्या वेळी आणि वेगळ्या जोराने पोचतो. पण पुढून की मागून, वरून की खालून हे ठरवताना कान सहज चुकतो, आणि आवाज जितका खर्जातला तितका जास्त चुकतो. त्यात पुढची काच मोठी आणि तिरपी असते, तिच्यावर आपटून आवाज भलत्याच जागेवरून येतो. शिवाय कंपन पत्र्यातून आणि प्लॅस्टिकमधून प्रवास करतं. आपटणारी वस्तू एकीकडे आणि वाजणारं पॅनेल दुसरीकडे असं होऊ शकतं. एका गाडीत मागच्या सीटखाली वाटणारी खडखड शेवटी डिकीच्या दाराला टेकणाऱ्या रबरी बुचात निघाली होती. बूच आत दबलं होतं, दार लागूनही किंचित हलत होतं. बूच अर्धा वेढा बाहेर फिरवल्यावर आवाज थांबला. म्हणून तुमच्या ‘डाव्या बाजूने’ यावर मी विश्वास ठेवेन, ‘डॅशबोर्डमधून’ यावर अजून ठेवणार नाही.

शोधणाऱ्याने गाडी चालवू नये. हा नियम सुरक्षेसाठी आहेच, पण कामासाठीही आहे. दुसऱ्या कुणाला तरी चालवायला बसवा आणि तुम्ही आधी शेजारी, मग मागे बसा. पंखा, एसी, गाणी बंद. जिथे आवाज हमखास येतो असा रस्त्याचा एखादा तुकडा ठरवा आणि त्याच वेगाने तो पुन्हा पुन्हा पार करा. डोकं हळूहळू वळवत राहा, पुढे वाका, खाली वाका.

मग आवाज कशाच्या मागे धावतो ते पाहा. गाडी उभी असताना, न्यूट्रलमध्ये, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) हळूहळू वाढवत नेल्यावर एका ठरावीक आकड्याला आवाज उठला आणि पुढे विरून गेला, तर तो इंजिनाच्या कंपनाशी जुळतो. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट होतात, म्हणजे 1500 आरपीएमला सेकंदाला 50 धक्के. तीन सिलिंडरचं इंजिन तेवढेच धक्के 2000 आरपीएमला देतं. एखाद्या पॅनेलची स्वतःची थरथरण्याची गती नेमकी तिथे असेल तर ते झणझणणारच. आवाज फक्त खडबडीत रस्त्यावर येत असेल, तर काहीतरी सुटं आहे आणि आपटतंय. आणि गतिरोधकावरून अगदी सावकाश, तिरकी गाडी नेताना आवाज आला, तर गाडीचा सांगाडा पिळला जाताना घासणाऱ्या जागा बघायच्या: दारांची रबरं, दाराचं कुलूप ज्यात अडकतं तो कडीचा हुक, डिकीचं दार, सनरूफ असेल तर त्याची चौकट.

याच वेळी एक चाचणी नक्की करा. खडबडीत जागेवर, मागे वाहन नसताना, ब्रेकवर अगदी हलका पाय ठेवायला सांगा. त्याने खडखड थांबली, तर बहुधा ब्रेकचे पॅड ढिले आहेत आणि आतून डॅशबोर्ड उघडून काहीही मिळणार नाही. खड्ड्यागणिक खालून ठोका येत असेल, किंवा स्टिअरिंग वळवताना ठक्क होत असेल, तर आधी सस्पेन्शन आणि स्टिअरिंग तपासून घ्या. हे आवाज नुसते त्रासाचे नसतात. सायलेन्सरच्या नळीवरचा उष्णतारोधक पत्रा गंजून सैल झाला की तोही थेट पायाखाली वाजतो.

आता हात वापरायचा. आवाज चालू असताना संशयित भाग तळव्याने घट्ट दाबून धरा. थांबला? सोडा. परत आला? पुन्हा दाबा. तीनदा दाबून तीनदा थांबला, तरच मी तो भाग पकडला गेला असं मानतो. बोटांपेक्षा तळवा बरा, कारण दाब पसरतो. फटीत खुपसायला घडी घातलेला पुठ्ठा किंवा स्पंजचा तुकडा जवळ ठेवा, आणि पृष्ठभागावर चिकटवायला मास्किंग टेप, जो निघताना डाग सोडत नाही. डॅशबोर्डच्या दोन भागांमधल्या फटीवर टेप लावून एक दिवस गाडी चालवली तरी खूप उलगडतं. हाताएवढ्या लांबीची रबरी नळी एका कानाला लावून दुसरं टोक फटींजवळून फिरवलं तर जागा आणखी नेमकी कळते. तपासणीसाठी कोंबलेला पुठ्ठा नंतर काढायला मात्र विसरू नका.

रस्त्यावर न जाताही काही आवाज उठवता येतात. फोनवर ठरावीक कंपनसंख्येचा सूर काढणारं ॲप घ्या, गाडीच्या स्पीकरला जोडा आणि बेताच्या आवाजात 40 हर्ट्झपासून 200 हर्ट्झपर्यंत सावकाश चढत जा. मध्येच कुठेतरी एखादं पॅनेल झणझणायला लागेल. तिथे सूर थांबवून ठेवायचा आणि उभ्या गाडीत निवांत हात फिरवायचा. स्पीकर बहुधा दारांत असतात, त्यामुळे या चाचणीत दारं जरा जास्तच बोलतात, तेवढं लक्षात ठेवा. दारांसाठी दुसरी चाचणी म्हणजे काच. काच पूर्ण वर, अर्धी खाली आणि पूर्ण खाली, अशा तीन अवस्थांत तोच रस्ता पार करा. अर्ध्या काचेला खडखड वाढली तर काचेच्या खाचेतलं रबर किंवा काच वर-खाली करणारी यंत्रणा ढिली आहे. तिन्ही वेळा सारखीच राहिली तर दाराच्या आतल्या कुलपाच्या सळ्या, मोकळ्या वायरी आणि पॅनेलच्या क्लिपा बघा.

जागा सापडली की आवाजाच्या जातीवर उपाय ठरतो. खडखड म्हणजे दोन वस्तूंमध्ये फट आहे आणि त्या आपटतायत. तिथे फट भरायची किंवा वस्तू घट्ट करायची. करकर, कुरकुर म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटतायत, सुटतायत, पुन्हा चिकटतायत. तिथे मध्ये काहीतरी मऊ किंवा निसरडं हवं. हा फरक न करता सगळीकडे तेल मारणं मला अजिबात पटत नाही. आपटणाऱ्या वस्तूला तेलाने काही होत नाही, आणि पेट्रोलियम तेलाने दारांची रबरं फुगतात, सैल होतात.

प्लॅस्टिकला प्लॅस्टिक लागत असेल तर चिकट पाठीची फेल्टची, म्हणजे जाड मऊ कापडाची, पट्टी उत्तम. वायरी पॅनेलवर आपटत असतील तर वायरिंगसाठीच मिळणारा लोकरी स्पर्शाचा कापडी टेप गुंडाळा. साधा विजेचा काळा टेप उन्हात चिकट ओघळतो. रबराला सिलिकॉन ग्रीस, फडक्यावर घेऊन, अगदी पातळ. दाराच्या आत फोम घालायचा असेल तर बंद छिद्रांचाच घ्या, कारण काचेवरून उतरणारं पाणी दाराच्या पोकळीतून वाहतं आणि साधा स्पंज ते धरून ठेवतो. दाराच्या तळाची पाणी जायची भोकंही मोकळी ठेवा. तुटलेल्या क्लिपेवर डिंक किंवा गोंद लावू नका, नवी क्लिप बसवा. दाराचा हुक सरकवायचा असेल तर सैल करण्याआधी त्याच्याभोवती पेन्सिलने रेघ मारा, म्हणजे मूळ जागा हरवत नाही.

आणि ही गोष्ट मी हात जोडून सांगतो. पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबांवर, छताच्या कडेला, सीटच्या बाजूला आणि डॅशबोर्डमध्ये एअरबॅग असतात. पडद्यासारखी एअरबॅग असलेल्या गाडीत खांबाच्या कव्हरमागे फोम कोंबला तर ती उघडताना अडू शकते. काही कव्हरांच्या क्लिपा एकदाच वापरायच्या असतात, आणि एअरबॅग फुगताना कव्हर उडून अंगावर येऊ नये म्हणून त्यांना दोरीसारखा बंध असतो. एअरबॅगच्या वायरींच्या पिवळ्या कनेक्टरना हात लावू नका. सीट काढायची किंवा एअरबॅगजवळचं काही उघडायचं असेल तर ते काम जाणकाराकडेच द्या. सीटबेल्टच्या पट्ट्यावर किंवा यंत्रणेत कुठलाही स्प्रे मारू नका.

आता तुमची गाडी. सकाळी आवाज, दुपारी शांतता, हा तुमच्या हातातला सगळ्यात मोठा धागा आहे. आतल्या पट्ट्यांसाठी वापरतात त्या एबीएस प्लॅस्टिकची एक मीटर लांब पट्टी तापमान 30 अंशांनी बदललं की साधारण दोन ते अडीच मिलिमीटरने लांबते किंवा आखडते. तेवढ्याच पोलादात फरक पडतो एक तृतीयांश मिलिमीटरच्या आसपास. थंड सकाळी प्लॅस्टिक आखडतं, फट उघडते, टकटक होते. ऊन लागलं की ते पसरून आपल्याच जागी घट्ट बसतं. सर्व्हिस सेंटरला आवाज का सापडला नाही तेही यातूनच कळतं: गाडी तिथे पोचेपर्यंत, रांगेत उभी राहीपर्यंत तापलेली असते. त्यांनी कामचुकारपणा केला असं मला वाटत नाही, त्यांना आवाज भेटलाच नाही.

तेव्हा येत्या एक-दोन सकाळी, गाडी थंड असतानाच, शेजारी बसून डावी बाजू या क्रमाने दाबत जा. आधी ग्लोव्हबॉक्सचं झाकण. त्याच्या कडांना दोन छोटी रबरी बुचं असतात, एखादं गळून पडलेलं असतं. मग ग्लोव्हबॉक्स उघडा ठेवून चालवून बघा, कारण पुष्कळ गाड्यांत त्याच्यामागे एसीच्या फिल्टरचं झाकण असतं आणि फिल्टर बदलल्यावर ते अर्धवट लागलेलं राहतं. मग दार उघडल्यावर दिसणारी डॅशबोर्डच्या टोकाची टोपी. मग खांबाचं कव्हर, नुसतं बाहेरून दाबून. शेवटी डॅशबोर्ड आणि काच यांच्यामधली फट, तिथे पुठ्ठ्याची घडी हलकेच सरकवून. मोठ्या गाड्यांपेक्षा छोट्या गाड्यांत ही जागा मला जास्त वेळा सापडली आहे. काच कधी बदलली असेल, डॅशकॅमची वायर टाकली असेल किंवा नवा स्टिरिओ बसवला असेल, तर तेवढा भाग सगळ्यात आधी बघा.

पाचही जागा दाबून काहीच बदललं नाही, तर टकटक चालू असताना फोनवर रेकॉर्ड करा, कोणत्या वेगाला आणि कशा रस्त्यावर ते बोलून ठेवा, आणि गाडी आदल्या संध्याकाळीच सर्व्हिस सेंटरला नेऊन लावा. सकाळी पहिली चक्कर त्यांच्या माणसाने, तुम्ही शेजारी बसलेले असताना, इंजिन थंड असतानाच मारावी असं जॉब कार्डवर लिहून घ्या.