अश्वशक्ती जवळपास सारखी, मग वेगात एवढा फरक का?

प्रश्न : 1970च्या शेव्हरोले शेव्हेल एसएस या गाडीचे 7.4 लिटरचे एलएस6 इंजिन 450 अश्वशक्तीचे होते, तर आजच्या मर्सिडीज-एएमजी ए45 एसचे 2 लिटरचे टर्बो इंजिन 421 अश्वशक्तीचे आहे. तरीही नवी गाडी ताशी 100 किलोमीटरचा वेग 3.9 सेकंदांत गाठते आणि जुनीला सुमारे 6 सेकंद लागत, असे का? शिवाय जुनी गाडी चालवलेले लोक तिचाच जोर अधिक होता असे सांगतात, ते निव्वळ स्मरणरंजन आहे का?

उत्तर : मुळात हे दोन आकडे एका मापाने मोजलेलेच नाहीत. 1971पर्यंत अमेरिकी कंपन्या सर्रास ‘ग्रॉस’ अश्वशक्ती छापत. म्हणजे इंजिन गाडीबाहेर काढून, एअर फिल्टर आणि गाडीचा सायलेन्सर न लावता, त्याच्यावरचा प्रत्येक भार उतरवून घेतलेले मोजमाप. 1972पासून या सर्व जोडण्यांसह मोजलेली ‘नेट’ अश्वशक्ती रूढ झाली. 1971च्या कॉर्व्हेटमध्ये 7.4 लिटरचेच, पण एलएस6पेक्षा सौम्य असे एलएस5 इंजिन मिळत असे आणि त्याचे दोन्ही आकडे उपलब्ध आहेत : ग्रॉस 365, नेट 285. एकाच इंजिनात केवळ मोजण्याच्या रीतीमुळे 80 अश्वशक्तींची तफावत पडते, हे ध्यानात घेतले तर शेव्हेलच्या 450 या आकड्याकडे किती सावधपणे पाहायला हवे, ते कळेल.

उरलेला फरक रस्त्यावरच्या पकडीचा आहे आणि माझ्या मते तोच अधिक निर्णायक आहे. शेव्हेलमध्ये सगळे बळ मागच्या दोन चाकांवर येई, वजनदार इंजिन मात्र पुढच्या चाकांवर बसलेले असे आणि टायर त्या काळचे, अरुंद. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की मागची चाके जागच्या जागी गरगरत, रबराचा धूर निघे आणि गाडी पुढे सरकण्याआधीच बरीच शक्ती वाया जाई. ए45 एसमध्ये तेच काम चार चाके वाटून घेतात आणि आठ गिअरच्या दुहेरी क्लचमुळे गिअर बदलताना ओढ जवळजवळ तुटत नाही.

जुन्या चालकांचे म्हणणे मात्र मी स्मरणरंजन मानत नाही. एलएस6चा कमाल टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, मिनिटाला 3,600 फेऱ्यांना मिळे आणि त्याच्या पुष्कळ आधीपासून, मोठ्या सिलिंडरांमुळे, ओढ भरपूर असे. पायाखाली पेडल हलले की कार्ब्युरेटरच्या झडपा उघडत आणि पाठ लगेच सीटला टेकत असे. ए45 एसचा 500 न्यूटन-मीटर टॉर्क 5,000 फेऱ्यांच्या आसपास मिळतो. तिथे एक्झॉस्टच्या वायूंनी आधी टर्बाइन फिरायला हवे, मग कॉम्प्रेसर हवा दाबून सिलिंडरांत कोंबतो. ते टर्बाइन मिनिटाला 1,69,000 फेऱ्यांपर्यंत जाते, आणि हा विलंब कमी व्हावा म्हणून त्याला रोलर बेअरिंग दिलेली आहेत, तरी कमी फेऱ्यांवर पेडल दाबल्यापासून जोर येईपर्यंतचा क्षणभराचा थांबा जाणत्या पायाला कळतोच. त्यातच टर्बाइन एक्झॉस्टचा आवाजही बराचसा गिळून टाकते, त्यामुळे शेव्हेलचा जो जोर कानांनाही जाणवे, तो इथे मुख्यतः स्पीडोमीटरच्या काट्यावर दिसतो.