अमेरिकेतल्या काउंटी जेलमध्ये रोजचं आयुष्य कसं असतं?

काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग. काउंटी जेल म्हणजे बहुतेक ठिकाणी शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, ताब्यातला स्थानिक तुरुंग. इथले बरेचसे जण अजून दोषी ठरलेलेच नसतात. अनेकांकडे जामिनाचे पैसे नसतात, म्हणून आत! शिक्षा झालेले असतात ते साधारण वर्षाच्या आतल्या शिक्षेचे. राहायला दोघांची कोठडी, नाहीतर एकावर एक लोखंडी खाटा टाकलेला मोठा हॉल. कोठडीत स्टीलचा संडास खाटेपासून हातभर अंतरावर, आडोसा शून्य. न्याहारी पहाटेच येते, दिवसातून अनेकदा हजेरी. बाकी टीव्ही, पत्ते, झोप. आतलं खरं चलन म्हणजे जेलच्या दुकानातली नूडल्सची पाकिटं. घरी फोन करायलाही बहुधा पैसे पडतात. सॅन फ्रान्सिस्कोने मात्र २०२० मध्ये हे फोन फुकट केले.