तुमची नव्वद मिनिटं नव्वद नाहीत

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. तुम्ही लिहिलंय: "'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या अमेरिकेतल्या विनोदी टीव्ही कार्यक्रमासारखा एक अख्खा भाग मराठीत, नाशिकमध्ये, हॉल घेऊन करतोय. नऊ जण आहोत. नव्वद मिनिटांची अकरा स्किटं लिहून तयार आहेत. बातम्यांचा तुकडा सगळ्यात भारी झालाय म्हणून शेवटी ठेवलाय. काही सूचना?"

आहेत. हेच सगळं आम्ही शनिवारी, ९ डिसेंबर २०२३ ला करून बसलोय. तेव्हा आम्ही सात जण होतो, एवढाच फरक.

हॉलचं भाडं, अनामत, संहितेचं परिनिरीक्षण (सेन्सॉर) प्रमाणपत्र, गाणी वाजवणार असाल तर त्यांचे परवाने, हे तुमच्यातल्या एकाला तरी ठाऊक असेलच. त्यात शिरत नाही. शिवाय मी वकील नाही आणि व्यावसायिक रंगकर्मीही नाही. बँकेत असतो आणि वर्षाला एक एकांकिका करतो. माझं म्हणणं तेवढ्याच वजनाने घ्या.

आधी नमुन्याचं. तुम्ही म्हणताय, फेब्रुवारी २०२५ चा पन्नाशीचा विशेष भाग बघून कल्पना सुचली. सुचू दे, पण तो नमुना धरू नका. तो मुळात रविवारी झाला आणि तीन तासांच्याही वर चालला. ते लग्नातलं पंगतीचं जेवण होतं, तुम्हाला रोजचा डबा करायचाय. एखाद्या साध्या शनिवारचा पूर्ण भाग शोधा आणि हातात घड्याळ घेऊन बसा. यूट्यूबवर सुटी सुटी स्किटं दिसतात, त्यांवरून काही कळत नाही. आमची फसगत तिथूनच सुरू झाली.

तो कार्यक्रम १९७५ पासून न्यूयॉर्कमधून रात्री साडेअकराला थेट सुरू होतो. (आपल्याकडे तेव्हा रविवारची सकाळ, नऊ किंवा थंडीत दहा. म्हणजे नाशिककर मिसळीला निघतो ती वेळ.) वेळ नव्वद मिनिटांची आहे हे बरोबर. पण त्या नव्वदात जाहिराती धरलेल्या असतात! शिवाय पाहुण्या गायकाची दोन गाणी असतात आणि आधीच चित्रित केलेल्या एकदोन फिती असतात. उरतं ते स्किटांना. आणि जाहिरात चालू असताना तिथे काय होतं? भिंती सरकतात, दुकानाचं हॉस्पिटल होतं, नट पळत जाऊन विग बदलतो. जाहिरात हा त्यांचा पडदा आहे.

आम्ही नव्वद मिनिटांना नव्वद मिनिटांचं लिहिलं. जाहिराती नव्हत्या, फिती नव्हत्या, माणसं सात. दर स्किटनंतर अंधार करायचा आणि अंधारात साडी सोडून पोलिसाची पँट चढवायची. तालमीत हा बदल आम्ही 'ब्लॅकआउट, पुढचं' असं म्हणून दोन सेकंदांत उरकायचो. प्रयोगात दर खेपेला तीन-साडेतीन मिनिटं गेली. दहा बदलांची किती होतात बघा. वर लोक हसले तेही वेळ खातं, आणि ते आम्ही धरलेलं नव्हतं. विनोदी कार्यक्रमात हशा न धरणारे आम्हीच असू.

साडेसातचा प्रयोग आठ पाचला सुरू झाला. (नाशिकमध्ये हे वेळेवर सुरू झालं असंच समजतात.) हॉल दहाला रिकामा करून द्यायचा होता. नऊ पन्नासला नववं स्किट संपलं. उजव्या विंगेत हॉलचा माणूस किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभा होता. काही बोलत नव्हता, नुसता जुडगा एका हातातून दुसऱ्या हातात घेत होता. दहावं स्किट आम्ही पळवत केलं आणि टाळ्या व्हायच्या आत पडदा पडला. अकरावा तुकडा, म्हणजे बातम्या, झाल्याच नाहीत.

आता यात जिव्हारी लागलं ते वेगळंच. बातम्या महिनाभर आधी लिहिलेल्या होत्या आणि ठीकठाक होत्या. पण प्रयोगाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी ८ तारखेला, कांद्यावर निर्यातबंदी आली. जिल्ह्यात लिलाव बंद पडले. आमच्यातल्या दोघांच्या घरी कांदा आहे, त्यांचे फोन दिवसभर वाजत होते. रात्री त्याच दोघांनी बसून सगळ्या बातम्या नव्याने लिहिल्या. एकच वाक्य सांगतो: "कांद्याच्या परदेशवारीवर बंदी आली आहे. यापुढे तोही नाशिककरासारखाच सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाईल आणि संध्याकाळच्या पंचवटीने परत येईल." प्रेक्षकांत निफाड-पिंपळगावची निदान पन्नास माणसं होती. ती हे न ऐकता घरी गेली. सोमवारी हेच वाक्य शिळं झालं असतं, झालंच.

(ऐनवेळी बदललेला मजकूर प्रमाणपत्राच्या संहितेत कसा बसवायचा, हे आधी रीतसर विचारून घ्या. आम्ही कसा बसवणार होतो ते मी इथे लिहिणार नाही.)

म्हणून सांगतो, बातम्या शेवटी ठेवू नका. आपल्याला एकांकिका स्पर्धांची सवय. शेवट दणक्यात, परीक्षकांच्या डोळ्यांत पाणी, मग पडदा. त्या कार्यक्रमाचा बांधा याच्या बरोबर उलटा आहे. सगळ्यात ताकदीचं पहिल्या अर्ध्या तासात येतं. बातम्यांचा 'वीकेंड अपडेट' साधारण मध्यावर, मध्यरात्रीच्या आसपास. आणि अगदी शेवटी, एकला दहा कमी असताना, सगळ्यात चक्रम स्किट, जे गळलं तरी कुणी रडणार नाही. आपल्या तमाशातसुद्धा गण-गवळण-बतावणी आधी आणि वग मागून. ताज्या घडामोडींवरची टोलेबाजी सोंगाड्या बतावणीतच उरकून घेतो, पहाटेपर्यंत राखून ठेवत नाही. हे आपल्याला घरचं असून आम्ही विसरलो.

दुसरं म्हणजे अकरा लिहिली आणि अकराच करणार, हे कसं? तिथे बुधवारी चाळीसेक स्किटं मोठ्याने वाचली जातात, त्यातली डझनभर उरतात. शनिवारी रात्री आठला खऱ्या प्रेक्षकांसमोर पूर्ण रंगीत तालीम होते, तीही मुद्दाम लांबलचक. कुठे हशा आला नाही ते बघून कार्यक्रमाचा निर्माता लॉर्न मायकल्स आणखी काही स्किटं कापतो, क्रम फिरवतो, आणि साडेअकराला दुसऱ्या प्रेक्षकांसमोर उरलेलं होतं. तुम्हाला दोन प्रेक्षकवर्ग परवडणार नाहीत. पण सोसायटीच्या हॉलमध्ये वीस माणसं बसवा, चहा पाजा, आणि कपडे खरोखर बदलून एकदा सलग करा. नातेवाईक नकोत. काकू कशालाही हसतात.

माझा हिशेब: नव्वद मिनिटं हवी असतील तर कागदावर पंचावन्न. स्किटं सात. दोन बदलांमध्ये पडद्यापुढे एक माणूस, पेटी किंवा गिटार. यावर मतभेद असतील. आमच्यातलाच एक अजून म्हणतो की चूक हॉलची होती. मला ते पटत नाही. दहा म्हणजे दहा हे त्यांनी पावतीवर लिहून दिलं होतं.

हॉलची नसली तरी एका कचेरीची थोडी होती. नाव घेत नाही, मला नाशिकमध्येच राहायचंय. तासभर वाढवून मिळावा म्हणून चार चकरा मारल्या. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, पण बंद सभागृहाला त्यातून सूट, असं २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. त्याची प्रत जोडली होती. साहेबांनी ती बाजूला ठेवून कार्यक्रमाचं नाव वाचलं आणि विचारलं, "लाइव्ह म्हणजे? टीव्हीवर दिसणार का?" म्हटलं, नाही हो, नुसतं नाव आहे. "मग लाइव्ह का लिहिलंय? चॅनेलचं पत्र आणा." दुसऱ्या चकरेला नाव बदलून नेलं, तर अर्जावरचं नाव आणि हॉलच्या पावतीवरचं नाव जुळेना. तिसऱ्या खेपेला साहेब रजेवर. चौथ्या खेपेला पत्र मिळालं, त्यात वेळ लिहिली होती रात्री दहा. तर नावात 'लाइव्ह', 'थेट', 'प्रक्षेपण' यातलं काही घालू नका. 'शनिवारची गंमत' म्हणा, काहीही म्हणा. आणि सगळ्या कागदांवर पहिल्या दिवसापासून एकच नाव ठेवा.

लॉन्सवर करायचा विचार असेल तर सोडा. गंगापूर रोडला डिसेंबरात रात्री नऊनंतर प्रेक्षक स्वेटरमधून हात बाहेर काढत नाहीत, टाळ्या कुठून येणार? आणि उघड्यावर दहानंतर ती सूटही नाही.

पाठांतराची काळजी करू नका. तिथेही पाठ नसतं, कॅमेऱ्याच्या बाजूला माणूस हाताने लिहिलेल्या पाट्या धरून उभा असतो. आम्ही ड्रॉइंग शीटवर जाड मार्करने लिहिल्या होत्या, पात्रागणिक वेगळा रंग. हिरवा वापरू नका, पिवळ्या दिव्यात वाचता येत नाही. पाट्या धरणारा पहिल्या रांगेच्या कडेला खाली बसवा, आणि तो न हसणारा हवा. आमचा हसायचा आणि पाटी हलायची.

तारीख ठरली की कळवा, तिकीट काढून येईन. कोऱ्या पाट्या लागतील तर माझ्या माळ्यावर साठेक पडल्या आहेत, मागची बाजू वापरा. फक्त कांद्याच्या आठ परत द्या.