लाकडी जिन्यावर कार्पेट स्वतः बसवता येईल का?

सरळ जिना असेल तर नक्की येईल. इंग्लंडमधल्या आमच्या घरी मीच बसवलं, पूर्ण शनिवार-रविवार गेला आणि गुडघे बोलायला लागले.

माप घेताना पायरीची पुढून मागपर्यंतची रुंदी, उभ्या फळीची उंची आणि पुढे आलेल्या कडेचा वळसा, तिन्ही धरा. उदाहरणार्थ २५ अधिक १९ अधिक ४, म्हणजे पायरीमागे ४८ सेंमी. १३ पायऱ्यांना सव्वासहा मीटर. वर थोडं जास्तीचं घ्याच.

खरी मेख खिळ्यांच्या पट्टीत आहे, म्हणजे बारीक तिरके खिळे वर आलेली, कार्पेट धरून ठेवणारी लाकडी पट्टी. प्रत्येक पायरीला दोन लागतात: एक आडव्या भागावर मागे, एक उभ्या फळीवर खाली. दोन्हींच्या खिळ्यांची टोकं कोपऱ्याकडे, दोन पट्ट्यांमध्ये साधारण दीड सेंमी फट. त्या फटीत बोथट, रुंद छिन्नीने कार्पेट ठोकून बसवायचं. मी पहिली पट्टी उलटी ठोकली होती, कार्पेट धरेचना! खालचं अस्तर कडेवरून वळवून स्टेपल करा. कार्पेटची लव खाली उतरणारी हवी.

वळणाच्या तिरक्या पायऱ्या असतील तर प्रत्येकीचा आधी कागदी साचा कापा, नाहीतर तेवढ्यापुरता कारागीर बोलवा. गावाकडच्या ग्रॅनाइट-कडप्प्याच्या जिन्यावर मात्र हा उद्योग नको, दगड तडकेल.