‘झेड एकची संभाव्यता’ आणि गवंड्याचा गुण्या

कोल्हापूरहून विचारणा आली आहे: ‘प्रमाण प्रसामान्य वितरणाच्या तक्त्यात झेड एकची संभाव्यता एका पुस्तकात ०.८४१३ आहे, दुसऱ्यात ०.३४१३. बरोबर कोणती? आणि म्हणायचं काय, सामान्य वितरण की प्रसामान्य?’

प्रसामान्य वितरण म्हणजे इंग्रजीतलं ‘नॉर्मल’, घंटेच्या आकाराच्या वक्राचं. झेड म्हणजे एखादी किंमत सरासरीपासून किती प्रमाण विचलनं (विचलन म्हणजे सरासरीभोवतीच्या पसरणीचं माप) दूर आहे तो आकडा. आकडे दोन्ही बरोबर आहेत. चुकलंय ते ‘झेड एकची’. क्लासांतून हा शब्दप्रयोग सर्रास ऐकू येतो आणि दरवेळी खटकतो. सलग चलाची (वजनासारखी, मधली कुठलीही किंमत घेऊ शकणारी राशी) नेमक्या एका किमतीची संभाव्यता शून्य असते. तक्त्यात असतं ते वक्राखालचं क्षेत्रफळ, आणि क्षेत्रफळाला सुरुवात-शेवट लागतो. त्यासाठी मराठीत ‘पासून’, ‘पर्यंत’, ‘दरम्यान’ आहेत. ते गाळले की पुढचं गणित हमखास फसतं. ०.८४१३ ही डाव्या टोकापासून एकपर्यंतची संभाव्यता, ०.३४१३ ही शून्यापासून एकपर्यंतची. फरक नेमका ०.५, म्हणजे वक्राचा डावा अर्धा भाग. कोणताही तक्ता उघडला की आधी ०.०० समोर काय आहे ते पाहावं. ०.५००० असेल आणि पुढे आकडे वाढत असतील तर तो पहिल्या जातीचा, ०.०००० असेल तर दुसऱ्या. ०.३९८९ दिसलं तर ती वक्राची उंची आहे. तो तक्ता बाजूला ठेवावा.

समजा, गुळाच्या रव्यांचं सरासरी वजन ३० किलो, प्रमाण विचलन ०.४ किलो आणि वजनं प्रसामान्य. २९.५ किलोपेक्षा कमी भरणारे रवे किती? २९.५ मधून ३० वजा करून ०.४ ने भागलं की झेड येतो उणे १.२५. डाव्या टोकापासूनच्या तक्त्यात १.२ ची ओळ, ०.०५ चा स्तंभ: ०.८९४४. झेड उणे आहे, म्हणून १ मधून वजा करायचं: ०.१०५६. शंभरात साधारण साडेदहा रवे. आता २९.५ आणि ३०.६ यांच्या दरम्यानचे हवे असतील तर वरचा झेड १.५, त्यापर्यंतचं क्षेत्रफळ ०.९३३२, त्यातून ०.१०५६ काढले की ०.८२७६. शून्यापासूनच्या तक्त्यात मात्र इथे बेरीज करावी लागते, कारण दोन टोकं शून्याच्या दोन बाजूंना आहेत: ०.३९४४ अधिक ०.४३३२, पुन्हा ०.८२७६. प्रश्नात ‘प्रचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) ०.१६’ दिलं असेल आणि वर्गमूळ न काढता त्यानेच भागलं, तर झेड उणे ३.१२५ होतो आणि हलके रवे हजारात एकावर येतात. पेपरात गुण इथेच जातात.

आता ‘सामान्य’. हा शब्द इथे नकोच. सामान्य म्हणजे नेहमीचं, साधं, असं वाचणाऱ्याला वाटतं आणि तो उत्पन्नापासून पावसापर्यंत सगळ्याला हाच वक्र लावत सुटतो. इंग्रज संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सननेही १९२० मध्ये हीच कुरकूर केली होती: ‘नॉर्मल’ या नावामुळे बाकीची वितरणं विकृत आहेत असा लोकांचा समज होतो. ‘प्र’ लावल्याने निदान हा पारिभाषिक शब्द आहे एवढं तरी कळतं.

पण मूळ शब्द पाहा! लॅटिनमध्ये ‘नॉर्मा’ म्हणजे सुताराचा काटकोनी गुण्या. कोल्हापुरात आजही चौथरा आखताना गवंडी विचारतो, ‘गुण्यात हाय का बघ’, आणि तीन फूट, चार फूट मोजून कर्ण पाच भरतो का ते तपासतो. तेच ‘नॉर्मल’: आधी गुण्यात असलेलं, मग नियमात बसणारं, आणि फार उशिरा ‘नेहमीचं’. भूमितीत आपण नॉर्मलला अभिलंब (काटकोनात उभी रेषा) म्हणतो, तिथे गुण्या शाबूत आहे. संख्याशास्त्रात तो हरवला.

आणि गुण्या? तो ‘गुण’ वरून आला असं सांगणाऱ्यांनी फारसीतला ‘गूनिया’ एकदा पाहावा. अर्थ तोच, अवजार तेच, आणि त्यामागे ग्रीक ‘गोनिया’, म्हणजे कोन. तुर्कीतही ‘गोन्ये’ म्हणजे गुण्याच. संस्कृतातला ‘कोण’ (आपला कोन) हाही त्याच ग्रीक घरचा, असं काही अभ्यासक मानतात. पॉलिगॉनमधला (बहुभुज) ‘गॉन’ आणि गवंड्याच्या थैलीतला गुण्या सख्खे भाऊ आहेत, हे शाळेत कुणी का सांगत नाही?

वक्राच्या नावातही गुण्याच आहे, असं माझं ठाम मत. जर्मन गणितज्ञ गाउसने १८२२ मध्ये किमान वर्ग पद्धतीतल्या (चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवणारी पद्धत) समीकरणांना ‘नॉर्मल’ म्हटलं, आणि तिथे उरलेल्या चुकांचा सदिश (दिशा असलेली राशी, बाणासारखी) खरोखरच काटकोनात उभा असतो. इतिहासकार म्हणतात की १८७० च्या दशकात पर्स, गॉल्टन आणि लेक्सिस या अभ्यासकांनी वक्रासाठी हा शब्द ‘नेहमीचा’ याच अर्थाने वापरला. वापरला असेल. पण मोजमापातल्या चुकांचा हा (म्हणजे प्रसामान्यच) वक्र आणि ती समीकरणं तोवर अर्धशतक एकाच पुस्तकांत, एकाच पानांवर नांदत होती. शेजारचं विशेषण वक्राला चिकटलं नसेल असं म्हणणाऱ्यांनी भाषा कशी चालते हे पाहिलेलं नाही. परिभाषा नव्याने करायची वेळ आलीच, तर अभिलंबाशी नातं दाखवणारा शब्द शोधावा. तोवर प्रसामान्य लिहावं, आणि झेडपुढे ‘पर्यंत’ न विसरता.