बाबांना फ्यूजन ऐकवायचंय, काय लावू?

प्रश्न : माझे बाबा पक्के शास्त्रीयवाले. त्यांच्या मते फ्यूजन म्हणजे आधी एकाने आपलं वाजवायचं, मग दुसऱ्याने आपलं आणि शेवटी दोघांनी मिळून धडाधडा वाजवून टाळ्या घ्यायच्या. मला आवडतं, पण वाद घालायला मुद्दाच सापडत नाही. खरंच जमलेलं काही आहे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : बाबांचं अगदीच चूक नाहीये हो, बऱ्याच कार्यक्रमांत तेच चालतं. पण त्यांना 'शक्ती' या बँडचा १९७६चा पहिला अल्बम ऐकवा. जॉन मॅक्लॉफ्लिन हा इंग्रज जॅझ गिटारवाला, त्याआधी अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसबरोबर वाजवलेला, मग महाविष्णू ऑर्केस्ट्रा या स्वतःच्या जॅझ-रॉक बँडमध्ये कानठळ्या बसतील असं इलेक्ट्रिक वाजवणारा, आणि हा माणूस सगळं सोडून अकूस्टिक गिटार घेऊन मांडी घालून बसला. शेजारी एल. शंकर व्हायोलिनवर, झाकीर हुसेन तबल्यावर, विक्कू विनायकराम घटमवर, म्हणजे मातीच्या घड्यावर.

मॅक्लॉफ्लिन नुसता पाहुणा म्हणून आला नव्हता, अमेरिकेत एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकला होता. गिटारही वेगळी बनवून घेतली. पडद्यांच्या मधलं लाकूड खोलगट कोरलेलं, म्हणजे तार खेचून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, काढता येते, आणि शिवाय मुख्य तारांखाली सात तारा तिरक्या लावलेल्या, आपल्या सतारीच्या तरफांसारख्या, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या तारांसारख्या. साध्या गिटारवर गमक, म्हणजे सूर हलवणं, काढायला गेलं की बोट लाकडाला अडतं, इथे तसं होत नाही.

पण मला विचाराल तर खरी गंमत तबला आणि घटमची आहे, त्याकडे लोकांचं लक्षच जात नाही. आपल्याला वाटतं दोघं भारतीयच, त्यात काय एवढं. अहो, आपल्याकडे तबलजी ठेका धरतो, म्हणजे तालाचे ठरलेले बोल फिरून फिरून वाजवतो, त्यावरून सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे ते कळतं. कर्नाटकीमध्ये, म्हणजे दक्षिणेच्या शास्त्रीय संगीतात, असा ठेका कुणी वाजवत नाही, ताल हातावर मोजायचा आणि मृदंगम्, घटम गाण्याच्या अंगाने जाणार. म्हणजे एकाला वाटणार हा ठेका का धरत नाहीये आणि दुसऱ्याला वाटणार हा सारखा तेच तेच का वाजवतोय! तरी ते दोघं एकमेकांचे बोल तोंडपाठ असल्यासारखे बरोबर समेवर येतात. 'जॉय' नावाची अठरा मिनिटांची रचना आहे, बाबांना तीच लावा, पाळीपाळीचं भांडण तिथेच मिटेल.

सतारवादक रविशंकर आणि पाश्चात्य व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांचं 'वेस्ट मीट्स ईस्ट' पण ठीक आहे, ग्रॅमी वगैरे मिळालं त्याला, पण मेन्युहिनचा भाग आधी स्वरलिपीत लिहून दिलेला होता, उपज, म्हणजे आयत्या वेळी सुचलेलं वाजवणं, सगळी सतारीच्या बाजूने. ऐकायला गोड, बाबा मात्र लगेच पकडतील.

गाणं हवंच असेल तर 'शक्ती'चा २०२३चा 'धिस मोमेंट' आहे, त्याला २०२४मध्ये ग्रॅमी मिळालं. शंकर महादेवन गायलेत, 'कट्यार'मधले पंडितजी म्हटलं की बाबा कान देतील, शिवाय ते श्रीनिवास खळ्यांचे शिष्य. घटमवाल्या विक्कूंचा मुलगा सेल्वगणेशही त्यात आहे. पण आधी जुनं लावा. आणि लावताना फ्यूजन हा शब्द अजिबात काढू नका, झाकीरभाईंचं एक जुनं रेकॉर्डिंग मिळालंय एवढंच सांगा.