पहिल्या चाचणीत नापास झाली, आता?

प्रश्न: मुलगी डेंटलच्या पहिल्या वर्षाला आहे. शाळेत कायम हुशार. पहिल्या चाचणीत मात्र ॲनाटॉमीत नापास झाली, कार्व्हिंगमध्येही (मेणात दात कोरण्याच्या कामात) जेमतेम गुण. 'होईल सवय' म्हणते. वर्ष वाया जाण्याआधी काही करता येईल का? – एक आई

उत्तर: नमस्कार ताई. 'होईल सवय'वर विसंबू नका. वर्षअखेरीस गाडी अडणार याच्या खुणा बहुधा सुरुवातीलाच दिसतात: चाचणीचे गुण, दांड्या, सहीविना राहिलेलं जर्नल. आधीच्या गुणांवरून थिअरीचा थोडाफार अंदाज येतो, हाताच्या कामाचा त्याहून कमी. म्हणून 'एवढी हुशार, तरी कशी?' हा प्रश्न घरात नको.

ॲनाटॉमीत तिला किती तास वाचतेस हे विचारू नका, कसं वाचतेस ते विचारा. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६च्या प्रयोगात पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा न बघता आठवून लिहिणारे. ट्रायजेमिनल नर्व्ह (चेहऱ्याची संवेदना वाहणारा मज्जातंतू) वाचून झाली की पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या कागदावर तिच्या तीन शाखा काढायच्या, कोणती कवटीच्या कुठल्या छिद्रातून बाहेर पडते त्यासकट. मॅन्डिब्युलर, म्हणजे खालच्या जबड्याची शाखा, फोरामेन ओव्हेल या छिद्रातून जाते हे विसरली, तर तेवढंच दोन दिवसांनी पुन्हा.

कार्व्हिंगचं दुखणं वेगळं. 'माझा हातच वळत नाही' असं म्हणून मुलं मोकळी होतात, पण पुष्कळदा हाताआधी नजर चुकलेली असते. मेणाच्या ठोकळ्यावर मापं घेऊन बाह्यरेषा न आखताच सुरी चालवली, एका बाजूने जास्त मेण निघालं, मग तोल साधायला दुसरीकडून काढलं, आणि दाढेची सुपारी झाली! तेव्हा आधी आखणी, तीही प्रत्येक बाजूची. दात पूर्ण झाला की शिक्षकांना दाखवण्याआधी त्यांच्याच निकषांवर तिनं स्वतःला गुण द्यावेत आणि वहीत शिक्षकांचे गुण शेजारी लिहावेत. दोन आकड्यांत मोठी तफावत असेल, तर कुठे चुकलं ते त्याच दिवशी विचारून घ्यायचं. पुढे फँटम हेडवर (सरावाच्या कृत्रिम डोक्यावर) आरशात बघून काम करावं लागेल, तेव्हा ही सवय फार उपयोगी पडेल.

एक मात्र आधी विचारा, तेही न रागावता: झोप लागते का? डेंटल तिनं स्वतः निवडलं होतं का? उत्तर 'नाही' आलं, तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी कॉलेजच्या मेंटॉरना किंवा समुपदेशकांना भेटा. नाहीतर दुसऱ्या चाचणीनंतर मला वहीतले ते दोन आकडे कळवा.